सहाशे चौदा जणांचा एक फोन

नोटीस आली धाकटीला, पण बैठक भरली वरच्या मजल्यावर, आणि ही गोष्ट थोरलीला मनातल्या मनात आवडली होती. गेली चार वर्षं या घरात जे काही घडायचं ते खालीच घडायचं. धाकट्या जावेनं खालच्या पुढच्या खोलीत सेवा केंद्र थाटल्यापासून वरच्या मजल्याला कुणी विचारेनासं झालं होतं. पोस्टमन खाली, भाजीवाला खाली, येणारा-जाणारा खाली. गुडघ्यांचं निमित्त करून आईसुद्धा खाली राहायला गेल्या होत्या. आता त्या दिवसभर केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रांगेतल्या बायकांशी गप्पा मारत. थोरलीकडे राहत होत्या तेव्हा त्यांना दोन वाक्यांच्या पुढे बोलायला सुचत नसे. गुडघे दुखले की माणूस बोलका होतो, हे थोरलीनं याआधी कुठे ऐकलं नव्हतं.

आज मात्र, रविवारी, सगळे जिना चढून वर आले होते. आई कठडा धरत, पायरीपायरीवर थांबत आल्या. नणंद परगावी दवाखान्यात नर्स होती, ती रजा टाकून सकाळच्या बसनं आली. धाकटा दीर वायरमन. तो खिशात टेस्टर घेऊनच आला होता, जणू नोटिशीत नेमका कुठे करंट आहे ते त्याला तपासायचं होतं. थोरलीचा नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो खिडकीशेजारच्या खुर्चीत बसून नखांतलं ग्रीस काढत होता.

सगळ्यांत शेवटी धाकटी आली. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले, हातात कागद. तिला तसं बघून वाईट वाटायला हवं होतं, आणि थोरलीला थोडं वाटलंही. पण त्याच्या आधी जे वाटून गेलं ते वाईट नव्हतं.

"वाच," थोरला म्हणाला.

धाकटीनं वाचलं. मुख्यालयाकडून आलेली नोटीस. तिच्या केंद्रातून अर्ज भरलेल्या सहाशे चौदा लोकांची खाती गेल्या सोमवारपासून गोठवली होती, आणि चार प्रश्नांची उत्तरं मागितली होती. सहाशे चौदा लोकांचा मोबाइल नंबर एकच कसा? तो कुणाचा? लोकांची संमती घेतली होती का? आणि चौथा, असं करण्याची सूचना कुणी दिली? उत्तरं आज संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर चढवायची होती. सरकारला रविवारी सुट्टी असते, पोर्टलला नसते. चौथ्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर केंद्राचा परवाना कायमचा रद्द होणार होता.

"सहाशे चौदा?" नणंद म्हणाली. "तुझ्या एका फोनवर?"

"हो ताई."

"म्हणजे सगळ्यांचे ओटीपी तुलाच यायचे?"

"मग काय करणार? त्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आहेत ना, त्यांच्या घरात फोन एक. तो मुलाकडे, आणि मुलगा बंदरावर कामाला. मी इथे त्यांचा अर्ज भरायचा, ओटीपी त्याच्याकडे जायचा, आणि तो असायचा क्रेनवर. दहा मिनिटं झाली की आकडा बाद. परत पहिल्यापासून भरा. एकीला नवरा फोनला हात लावू देत नाही. एक म्हातारबा दर चार महिन्यांनी सिम बदलतात, जुना नंबर विचारला तर माझ्यावरच चिडतात. आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्यांतल्या निम्म्यांना त्यावर आलेलं वाचता येत नाही."

"वरच्यांना वाटतं, घरात फोन पोचला म्हणजे सरकार पोचलं," धाकटा म्हणाला. हा त्याचा आवडता विषय होता. "तो घरात कुणाच्या खिशात असतो ते बघितलंय का कुणी? टॉवर उभा केला, टॉवरला वीज नाही. वीज आली, तर पोर्टल झोपलेलं. ते जागं झालं की..."

"कळलं," थोरला म्हणाला. "पण मग लोकांना कचेरीत पाठवायचं."

धाकटीनं हातातल्या नोटिशीची घडी घातली.

थोरलीनं घसा साफ केला. कचेरीचा विषय निघाला की या घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. बावीस वर्षं ती तीन नंबरच्या खिडकीवर बसत होती. दाखले, वारसनोंदी, अनुदानाचे अर्ज, सगळं तिच्या हातून जायचं. बाजारात लोक तिला वाट करून द्यायचे. "तीन नंबरच्या बाई आल्या," असं कुजबुजायचे. मग कामं ऑनलाइन गेली, खिडकीसमोरची रांग ओसरली आणि तीच माणसं तिच्याच घराच्या दारात, खालच्या मजल्यावर, धाकटीपुढे उभी राहायला लागली.

"एका नंबरवर जास्तीत जास्त पाच माणसं, असा नियम दोन महिन्यांपूर्वी आलाय," ती म्हणाली. "तोवर यंत्रानं कधी मोजलंच नव्हतं. आता मोजलं. त्यांना तिकडे बसून असं दिसतंय, की एक बाई सहाशे चौदा लोकांच्या नावानं अनुदान उचलते आहे."

"पण पैसे तर त्यांच्याच खात्यात जातात," नणंद म्हणाली.

"मला माहीत आहे. मी तिथेच बसते."

"बरं, मग चौथ्या प्रश्नाला काय लिहिणार?" थोरल्यानं विचारलं. "कुणी सांगितलं होतं तुला असं करायला?"

थोरली पदराशी चाळा करत होती. तिची बोटं थांबली. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती आईंच्या पायांकडे पाहत होती.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "माझ्याच डोक्यातून आलं."

तेवढ्यात खालून कुणीतरी दारावर थाप मारली, आणि थोरलीची बोटं परत पदराशी खेळू लागली.

दार उघडायला धाकटा गेला. पायऱ्यांवर पंपवाले काका उभे होते, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मागे ओट्यावर दहा-बारा माणसं बसली होती. आठवडाभर रोज येऊन बसत होती. केंद्र बंद आहे असं सांगितलं की "हो, माहीत आहे," म्हणायची आणि बसून राहायची.

"ओटीपीवाल्या बाईंचे मिस्टर ना तुम्ही?" काकांच्या मागून एकीनं विचारलं.

या संबोधनाची धाकट्याला सवय झाली होती, पण ते पचलं नव्हतं. या भागातली निम्मी घरं त्यानं वायरिंग करून उजेडात आणली होती. एके काळी लोक त्याला हाक मारायचे तेव्हा त्यात त्याचं असं काहीतरी असायचं. आता तो कुणाचातरी मिस्टर होता. पुढची खोली आधी त्याची होती, तारांची भेंडोळी आणि होल्डर ठेवायची. नोटीस आली त्या दिवशी एक क्षणभर त्याच्या मनात आलं होतं, की चला, खोली परत मिळेल. त्या विचाराची त्याला अजून लाज वाटत होती, म्हणून तो आठवडाभर बायकोशी फार गोड बोलत होता.

काकांना घेऊन तो वर आला. काकांनी पिशवीतून जाड कागदांची गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. सह्या थोड्या, अंगठे जास्त. निळे, काळे, एखादा पुसट.

"दोनशे एकतीस आहेत," काका म्हणाले. "बाकीचे उद्या देतो म्हणाले. आमच्याच सांगण्यावरून बाईंनी नंबर टाकला, बाईंनी आमचं काही खाल्लं नाही, एवढंच लिहिलंय. हे पोर्टल म्हणजे काय ते आम्हाला माहीत नाही. बाई माहीत आहेत."

"काका, हे कशाला एवढं," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू आलं.

काकांचं लक्ष थोरलीकडे गेलं. "तीन नंबरच्या बाई, तुमची सही झाली तर वजन येईल हो कागदाला."

"मी सरकारी नोकर आहे," थोरली म्हणाली. "मला अशा कागदावर सही करता येत नाही."

हे खरं होतं. पण ते बोलताना तिचे डोळे त्या अंगठ्यांवरून हलत नव्हते. दोनशे एकतीस. बावीस वर्षांत तिनं या लोकांचे किती कागद पुढे सरकवले असतील याची गणती नव्हती. साहेब रजेवर असताना स्वतः त्यांच्या घरी जाऊन सह्या आणल्या होत्या. एकदा तापानं फणफणत असताना खिडकी उघडली होती, कारण शेवटची तारीख होती. तिची बदली होणार अशी बातमी आली तेव्हा एकानंही अंगठा उमटवला नव्हता. एकानं फक्त विचारलं होतं, नवीन कोण येणार. तिला हेवा वाटत होता, सरळ सरळ हेवा.

काका गेल्यावर आईंनी डोळे टिपले.

"बघा," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं अंगावर आलं, पण पोरीनं कुणावर ढकललं नाही. माझ्याच डोक्यातून आलं, म्हणाली. दुसरी असती तर दहा नावं घेतली असती."

दुसरी म्हणजे कोण, हे आईंनी सांगितलं नाही. थोरलीला वाटलं ती आपण. नणंदेला वाटलं ती आपण. दर महिन्याला आईची औषधं ती पाठवायची, दर आठवड्याला फोन करायची, आणि आईनं तिच्याबद्दल असं कधी डोळे टिपून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. सकाळपासून ती धाकटीच्या बाजूनं होती. आता तिला अचानक वाटलं की हिनंही जरा विचार करायला हवा होता.

"तरी पण," नणंद म्हणाली, "सहाशे चौदा जणांचं आपल्या मनानं करायचं म्हणजे धाडसच. कचेरीत एकदा विचारायचं तरी. घरात माणूस आहे ना आपलं."

"हेच मी म्हणतोय केव्हाचा," थोरला म्हणाला.

धाकटीनं एकदाच वर बघितलं, थोरलीकडे. त्या नजरेत मागणं नव्हतं, धमकी नव्हती, काहीच नव्हतं. "चुकलं माझं, ताई," ती नणंदेला म्हणाली आणि कागद गोळा करून खाली गेली.

थोरली स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. नवरा मागोमाग आला आणि त्यानं नळ बंद केला.

"काय झालं?"

"मी सांगितलं होतं तिला," थोरली म्हणाली.

"काय?"

"तिचा नंबर टाकायला. मी."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी, केंद्र उघडून महिना झाला नव्हता तेव्हा, धाकटी अकरा म्हाताऱ्या माणसांना घेऊन कचेरीत आली होती. त्यांचे अर्ज परत परत बाद होत होते. थोरलीनं तिला खिडकीतून पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. चाळीस मिनिटं रांगेत उभी ठेवली. पाळी आल्यावर धाकटीनं अडचण सांगितली, तेव्हा थोरली म्हणाली होती, "त्यांचा नसेल तर तुझा टाक." धाकटीनं विचारलं होतं, "चालतं का वहिनी?" आणि ही म्हणाली होती, "मी सांगते ना. चालतं. फक्त माझ्या खिडकीवर परत माणसं आणू नकोस."

"मी काही विचार करून बोलले नव्हते," थोरली म्हणाली. "ती समोरून जावी म्हणून बोलले. आणि त्याच्यावर हिचं केंद्र चाललं. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांत अर्ज अडायचे, फक्त हिच्याकडे अडत नव्हते. नऊ वस्त्यांमधून लोक चालत यायचे ते उगाच नाही."

थोरला स्टुलावर बसला. त्याला गोष्टी यंत्रासारख्या सुट्या करून बघायची सवय होती.

"तिथे कुणी ऐकलं होतं?"

"नाही."

"लेखी काही?"

"नाही."

"मग झालं तर. पुढच्या महिन्यात हेडक्लार्कची यादी लागते. बावीस वर्षं वाट बघितलीस. आता एक शेरा बसला तर नाव गेलं, मग निवृत्तीपर्यंत खिडकीच. तिनं तुझं नाव घेतलंय का? नाही. स्वतःहून घेतलंय सगळं अंगावर. गप्प राहा."

"तेच मला सहन होत नाहीये."

"दया आली तुला?"

"दया कसली." थोरलीचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला, कारण बाहेर आई बसल्या होत्या. "केंद्र जाईल तिचं, जाऊ दे. पण घरात काय राहील? धाकटीनं कुणाचं नाव घेतलं नाही, धाकटी किती मनाची मोठी. आई जन्मभर सांगतील. तुमची बहीण सांगेल. आणि मी वर बसून ऐकायचं. मला एकटीला माहीत असणार की ते माझं वाक्य होतं. माझ्या वाक्यावर तिचं दुकान चाललं, आता माझ्याच वाक्यावर ती देवी होऊन बसणार?"

"म्हणून तू प्रमोशन घालवणार? तुला कळतंय का काय बोलतेस?"

"कळतंय."

"मला नाही कळत," तो म्हणाला. "चांगलं करायचं असेल तर माणूस चांगल्या मनानं करतो."

"तसं मन असतं तर चाळीस मिनिटं उभी ठेवली असती का तिला?"

तिनं कपाटातून कोरे कागद काढले आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरच लिहायला लागली. तिचं अक्षर कचेरीत प्रसिद्ध होतं. नवीन लागलेल्या कारकुनांना साहेब ते नमुना म्हणून दाखवायचे.

खाली पुढच्या खोलीत धाकटी संगणकासमोर बसली होती. सव्वापाच झाले होते. तीन उत्तरं लिहून झाली होती, अंगठ्यांचे कागद स्कॅन करून जोडले होते. चौथ्या चौकटीत तिनं लिहिलं होतं, "कोणीही नाही," आणि कर्सर त्याच्यापुढे लुकलुकत होता.

आईंना वाटत होतं, तिनं मोठ्या मनानं सगळं अंगावर घेतलंय. आईंनी खाली आल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तिला ओशाळल्यासारखं झालं होतं. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तिला फक्त ते नाव घ्यायचं नव्हतं. या घरात ती आली तेव्हापासून ऐकत होती: वहिनींची नोकरी, वहिनींचं अक्षर, वहिनींच्या पगारावर वरचा मजला चढला. पाहुणे आले की आधी वर जायचे, मग उतरताना हिला भेटायचे. ते केंद्र ही तिची एकटीची गोष्ट होती. कुठला टॉवर कधी चालतो ते तिनं शोधलं, पोर्टल पहाटे हलकं असतं हे तिनं ओळखलं, बायका बोलत नाहीत तेव्हा कसं विचारायचं ते ती शिकली. आणि या सगळ्याच्या मुळाशी खिडकीतून फेकलेलं वहिनींचं एक वाक्य आहे, हे कबूल करायचं? त्यापेक्षा परवाना गेलेला तिला चालणार होता. निदान चूक तरी तिची स्वतःची राहिली असती.

दार वाजलं नाही. थोरली सरळ आत आली आणि तिनं कागद टेबलावर ठेवला.

"हे जोड."

धाकटीनं वाचायला सुरुवात केली. मग आई आतून काठी टेकत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"काय आणलंय मोठीनं? मोठ्यानं वाच, मला पण कळू दे."

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली भिंतीवरच्या दरपत्रकाकडे पाहत होती.

"वाच," थोरली म्हणाली.

धाकटी वाचू लागली. "मी, तीन क्रमांकाच्या खिडकीवरील लिपिक, लिहून देते की, लाभार्थ्यांच्या अर्जात केंद्रचालिकेने स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवावा अशी तोंडी सूचना मी केली होती. सूचना देताना मी वरिष्ठांना विचारले नव्हते. केंद्रचालिकेस..." ती थांबली.

"पुढे," आई म्हणाल्या.

"केंद्रचालिकेस त्या वेळी या कामाची काहीही समज नव्हती. तिने स्वतःच्या विचाराने काही केलेले नाही. सदर पद्धत सर्वस्वी माझी आहे."

आई थोरलीकडे बघत राहिल्या, कुणी अनोळखी बाई घरात आल्यासारख्या.

"आणि तुझी ती यादी?" त्यांनी विचारलं. यादीची त्यांना इतकी नीट माहिती आहे, हे थोरलीला माहीत नव्हतं.

"ती माझी मी बघेन."

आईंनी हात पुढे केला आणि थोरलीचं मनगट धरलं. सोडलं नाही. "बस इथे," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ बस."

थोरली स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. चार वर्षांत ती या खोलीत पहिल्यांदा बसत होती.

धाकटी त्या धरलेल्या मनगटाकडे पाहत होती. तासाभरापूर्वी तोच हात तिच्या डोक्यावरून फिरला होता.

"वहिनी," ती शक्य तितक्या सरळ आवाजात म्हणाली, "सूचनेचं राहू दे. पण 'काहीही समज नव्हती' हे काढून टाकू या. पद्धत सर्वस्वी तुमची, तेही. तसं नाहीये ते."

"त्या वाक्यानंच तू वाचतेस," थोरली म्हणाली. "समज होती म्हटलं की जाणूनबुजून केलं असं होतं. मग परवाना जातोच, वर पोलीस येतात. त्यांची भाषा मला कळते."

"चार वर्षं मी इथे काय केलं ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मी वरून बघत होते."

"मी कुणाला सांगितलं नसतं."

"ते पण माहीत आहे," थोरली म्हणाली. "म्हणूनच लिहिलं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. या घरात त्या दोघींना एकमेकींचं जितकं कळत होतं तितकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, नवऱ्यांना तर नाहीच.

"अगं, बघत काय बसलीस," आई म्हणाल्या. "एवढं केलं तिनं तुझ्यासाठी. सहा वाजतील. बाहेर माणसं बसलीयेत."

बाहेर ओट्यावर माणसं खरंच बसली होती. शिंपीणबाईंचं या महिन्याचं अनुदान अडकलं होतं. पंपवाले काका कुणाला तरी सांगत होते की आज होईल, बाई आत आहेत.

धाकटीनं कागद स्कॅनरवर पालथा घातला. चौथ्या चौकटीतले "कोणीही नाही" हे दोन शब्द खोडले आणि तिथे लिहिलं, "सोबतचे पत्र पाहावे." पत्र चढायला वेळ लागला, मग हिरवी रेघ पूर्ण झाली आणि शेवटचं पान उघडलं. पानावर एक रिकामी चौकट होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: वरील व सोबतचा संपूर्ण मजकूर मी वाचला असून तो खरा आहे व मला मान्य आहे.

रोज ती लोकांना हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायची. समजलं का, असं विचारायची, आणि त्यांनी मान हलवल्यावरच पुढे जायची.

"काय लिहिलंय तिथे?" आईंनी विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. "नेहमीचंच आहे."

आणि तिनं चौकटीत खूण केली.